ऑस्ट्रेलियाचा शिक्का

धायरी
४ ऑक्टोबर २०१०

चि. माधव,

आशीर्वाद. रीत म्हणून लिहिला आहे, मनातून नाही.

काल फोनवर माझी दोन वाक्यं झाली आणि तिसऱ्याला तू रिसीव्हर ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच आपटता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि विजेची वीस वर्षांची बिलं जपून ठेवणारा माणूस कागद फाडणार नाही एवढा मला माझ्या भावाबद्दल विश्वास आहे.

आमोद रविवारी येऊन गेला. "आत्या, लग्न होत नाहीये," म्हणाला. का, विचारलं, तर म्हणे बाबांना विचार. सत्तावीस वर्षांचा इंजिनियर, हडपसरला आयटी पार्कात दहा माणसं याच्या हाताखाली, आणि स्वतःचं लग्न का मोडलं हे बाबांना विचारायचं.

तर विचारते. उत्कर्षा तुला जून महिन्यात पसंत होती. हिंगणघाटची मुलगी, आईविना वाढलेली, वडील बापूराव देवतळे शाळामास्तर. सहा वर्षं पुण्यात एकटी राहून नोकरी करते याचं तूच कौतुक करत होतास. श्रावणात तुझ्याच घरात साखरपुडा झाला. शारदा असती तर तिने केलं असतं ते सगळं मी केलं, पेढेसुद्धा मीच वाटले. मार्गशीर्षात लग्न. मग दोन महिन्यांत त्या मुलीने काय गुन्हा केला?

उलट टपाली उत्तर हवं.

कुसुम


शनिवार पेठ
७ ऑक्टोबर २०१०

ती. कुसुमताईस,

सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. धायरीहून शनिवारात यायला त्याला तीन दिवस लागले. चालत आलं असतं तर लवकर पोचलं असतं.

लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करायची ही कल्पना आमोदची. हल्ली पत्रिकेऐवजी हे बघतात. आपल्या कोपऱ्यावरच्या जुन्या लॅबमध्ये दोघं गेले. आमोदचा रिपोर्ट स्वच्छ. तिच्या रिपोर्टवर शिक्का मारलेला आहे, "ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह". म्हणजे कावीळ ब. डॉक्टर म्हणाले, ही रक्तात मुक्काम करून बसते आणि पुढे लिव्हर खाते.

आता कुमारी उत्कर्षा गेल्या वर्षी कंपनीतर्फे आठ महिने कुठे होत्या? सिडनीला. सिडनी कुठे आहे? तू प्राणिशास्त्र शिकवायचीस, भूगोल नाही, तरी माहीत असेल. मी डॉक्टरांना विचारलं, हे होतं कसं. म्हणाले, दूषित रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून. आईकडून मुलाला, असंही काहीतरी म्हणाले, पण आई तिला नाहीच. दोन आणि दोन चार. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कागद वाचण्यात गेली, कागद काय म्हणतो ते मला कळतं.

मी बापूरावांना स्पष्ट लिहिलं, की आपली कन्या ऑस्ट्रेलियाहून काय घेऊन आली आहे याची आपणच तिच्याकडे चौकशी करावी, आमच्या घरात ते नको. ती ज्या कपांतून चहा प्यायली ते सहाच्या सहा कप कचऱ्याच्या गाडीत टाकले. शारदाच्या माहेरचा सेट होता. वाईट वाटलं, पण टाकला.

राहता राहिला आपला संताप. ठरलेलं लग्न मोडू नये हे तू मला शिकवावंस याची गंमत वाटते. १९८१ साली साताऱ्याचं ठरलेलं स्थळ कोणी मोडलं? कारणसुद्धा दिलं नाहीस. अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. मी तर निदान कारण दिलं आहे.

माधव


धायरी
११ ऑक्टोबर २०१०

चि. माधव,

सातारचं नंतर बघू. आधी ऑस्ट्रेलिया.

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास गच्चीत फेऱ्या मारल्या. कागद कळणाऱ्या माणसा, ऑस्ट्रेलिया हे त्या रोगाचं गाव नाही. पासष्टच्या सुमारास अमेरिकेतले एक डॉक्टर देशोदेशीचं रक्त तपासत होते. एक अनोळखी प्रथिन त्यांना पहिल्यांदा दिसलं ते ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या नमुन्यात. म्हणून नाव दिलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. पुढे कळलं की ते या काविळीच्या विषाणूचंच आवरण आहे. जगाने ते नाव केव्हाच सोडलं. तुझ्या कोपऱ्यावरच्या लॅबवाल्याने तीस वर्षांपूर्वीचा रबरी शिक्का सोडलेला नाही, एवढाच त्या मुलीचा ऑस्ट्रेलियाशी संबंध. मुंबईची मिठाई म्हटली की ती मुंबईहूनच आली असं धरून चालणारा तू.

म्हणतात, काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं. तुला कावीळ न होताच दिसायला लागलं.

आणि हा विषाणू काही माणसांचीच मिरास नाही. अमेरिकेत वुडचक नावाचा, खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी असतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात ते एकामागून एक लिव्हरच्या गाठींनी मरत होते. शोधलं तर त्यांच्या रक्तात याच विषाणूचा सख्खा चुलतभाऊ. मग तो जमिनीतल्या खारींत सापडला. मग बदकांत. मग जर्मनीतल्या राखी बगळ्यांत. तू नोकरीत असताना खडकवासल्याच्या बॅकवॉटरला उभा दिसायचा ना, त्याच जातीचा बगळा. प्रत्येकाचा विषाणू वेगळा, बदकाचा माणसाला होत नाही आणि माणसाचा बदकाला. आपापल्या यजमानाबरोबर तो लाखो वर्षं बदलत आला आहे. बदकांत तर तो बहुतेक वेळा अंड्यातूनच पिल्लाला मिळतो. बदकाच्या पिल्लाला सिडनीला जावं लागत नाही, आणि त्याच्या चारित्र्याची चौकशी करा असं पत्र बदकाच्या बापाला कोणी धाडत नाही.

आता तुझ्या घरातलंच सांगते. गेल्याच महिन्यात एक संशोधन छापून आलं आहे. माझी जुनी विद्यार्थिनी ऋचा अमेरिकेत शिकते, तिने मला मेल केलं आणि मी प्रिंट काढून दोनदा वाचलं. तुझ्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात लाल चोचीचे झेब्रा फिंच आहेत ना, त्यांच्या जनुकांत या विषाणूचे तुकडे सापडले आहेत.

(पान उलट.)

घाबरू नकोस. ते जिवंत विषाणू नव्हेत. त्यांच्या कुठल्यातरी पूर्वज पक्ष्याला कधीकाळी लागण झाली, विषाणू गेला, पण त्याचे तुकडे त्या कुळाच्या रक्तात लिहिलेले राहिले. ती घटना किमान एक कोटी नव्वद लाख वर्षांपूर्वीची आहे असा हिशेब निघाला. तेव्हा माणूस नव्हता. ऑस्ट्रेलियात पोरी पाठवणाऱ्या कंपन्या तर नव्हत्याच. इतका जुना आहे तुझा हा "बाहेरून आणलेला" रोग.

आमोदला लस टोचून घ्यायला सांग. तीन इंजेक्शनं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळतात. मग त्याला तिच्याकडून काही होणार नाही आणि मुलाला जन्मतःच टोचलं की मुलालाही नाही. कपांतून तर हा पसरतच नाही. शारदाचे कप तू फुकट मारलेस.

कुसुम


शनिवार पेठ
१४ ऑक्टोबर २०१०

ती. ताईस,

फिंचबद्दल वेळेवर कळवलंस, आभारी आहे. पत्र वाचलं त्याच दिवशी पिंजरा खाली वॉचमन उत्तरेश्वरला देऊन टाकला. गॅलरी फिनेलने धुतली. दोन वर्षं रोज त्यांचं पाणी मी याच हातांनी बदलत होतो.

बाकीचं फुरसतीने वाचीन.

माधव


हडपसर
२० ऑक्टोबर २०१०

आदरणीय आत्या,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मला हाताने लिहिलेलं पत्र कॉलेजनंतर पहिल्यांदाच आलं. मेल करणार होते, पण तुम्ही पत्र लिहिलं म्हणून मीही पत्रच लिहिते. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलं, आई कशाने गेली. मी दहा वर्षांची होते. तिच्या पोटात पाणी झालं होतं. पोट एवढं मोठं दिसायचं की शेजारच्या आनंदीबाई मला म्हणाल्या, तुला भाऊ होणार. डोळे पिवळे झाले होते. बाबा म्हणायचे, दीपमाला उपास फार करते म्हणून झालं. रक्त कोणी तपासलंच नाही. तुमचं पत्र वाचल्यावर मी माझ्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, बहुतेक आईकडूनच, जन्माच्या वेळी. माझं लिव्हर सध्या एकदम ठीक आहे. दर सहा महिन्यांनी तपासायचं एवढंच.

रोगाचं मला एवढं काही वाटत नाही, आत्या. पण आमोदच्या बाबांचं पत्र आलं तेव्हा मी घरी गेले होते, बाबांनी ते माझ्यासमोर वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मी काही म्हणत नाही. तू मला फक्त खरं सांगून दे." मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण आता फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत. दिवाळीला येऊ का विचारलं तर म्हणाले, तुझ्या सोयीने पहा. आजपर्यंत माझ्या बाबांनी मला कधी असं म्हटलं नव्हतं. तुमच्या पत्रातलं बदकांचं मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, इतका शिकलेला पुण्याचा माणूस सही करून खोटं कशाला लिहील.

आमोदने मला मेसेज केला, थोडा टाइम दे. मी दिलाय. आता त्याने तो आयुष्यभर वापरावा. तोही त्यातले काही आठवडे माझ्याबरोबर सिडनीला प्रोजेक्टवर होता, आत्या. समोरच्या टेबलावर. तो नुसतं "बाबा, असं नाही" म्हणाला असता तरी चाललं असतं.

मला लग्न नको आहे. मला फक्त बाबांनी पहिल्यासारखं बोलायला हवं.

तुमची,
उत्कर्षा


धायरी
२६ ऑक्टोबर २०१०

माधव,

चि. लिहिण्याचं आज मन नाही.

सोबत उत्कर्षाच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. तिला विचारून पाठवते आहे. "आई तिला नाहीच," असं तू लिहिलं होतंस. आई का नाही, ते वाच. आमोदही तिकडे गेला होता हे लिहायला तू सोयीने विसरलास, तेव्हा तिच्यासमोरच्या टेबलावर कोण बसायचं तेही वाच. आपल्या कुलदीपकाला माझ्या दारात सध्या पाठवू नकोस.

तू माझं पत्र अर्धंच वाचलंस. पान उलट असं लिहूनही उलटलं नाहीस. चौतीस वर्षं कागद वाचलेस म्हणे. त्या बिचाऱ्या पक्ष्यांत रोग नाही, रोगाची एक पुसट खूण आहे, तीही कोट्यवधी वर्षांपूर्वीची. पण मला पक्ष्यांचं तेवढं वाटत नाही. तुझी खात्री होती की पिंजऱ्यात रोग आहे, आणि तू तो वॉचमनला दिलास. तुझ्या घराला नको, ते उत्तरेश्वरच्या बायकोला चालेल.

आता सातारा.

१९८१ च्या जानेवारीत कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. मी हौसेने रक्त दिलं. पंधरा दिवसांनी मला बोलावून एक कागद हातात दिला. त्यावर तोच शिक्का होता, "ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह". माधव, तेव्हा मी कोल्हापूरच्या पलीकडे गेलेली नव्हते. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आजही नाही.

डॉक्टर म्हणाले, लग्न न केलेलं बरं, नवऱ्याला होईल, मुलांना होईल. लस तेव्हा इथे मिळत नव्हती. मी साताऱ्याला नकार कळवला. कारण सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, आणि तुझं लग्न व्हायचं होतं. ज्या घरात असा रोग त्या घरात मुलगी कोण देणार? म्हणून मी गप्प राहिले. तुझ्या संसारासाठी मी कारण गिळलं, आणि तू गेली एकोणतीस वर्षं ते मला दर दिवाळीत चावून दाखवतोस.

माझा पेला मी वेगळा ठेवायचे, आठवतो? तुम्ही सगळे म्हणायचात, बाईंचं सोवळं. शारदा किती चिडवायची. पेल्यातून काही होत नाही हे मला पुढे चार वर्षांनी कळलं. मला त्याचाही राग येतो, स्वतःचा.

मला कुठून आला? नक्की कोणी सांगू शकणार नाही. पण आपली आई जलोदराने गेली. तिचेही डोळे पिवळे झाले होते. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी चौदाची.

तेव्हा तुला दोन कामं सांगते. त्याच लॅबमध्ये जा आणि स्वतःचं रक्त दे. नुसता तो शिक्का नको, "अँटी-कोअर" म्हणून दुसरी तपासणी असते, तीही करायला सांग. आणि लग्न मोडलंस ते मोडलंस, ती मुलगी सुटली. पण बापूरावांना लिहिलेला शब्द परत घे. लेखी. जसा दिलास तसा.

ते होईपर्यंत भाऊबीजेला येऊ नकोस. मी ताट काढणार नाही.

कुसुम


शनिवार पेठ
१८ नोव्हेंबर २०१०

ती. ताईस,

सा. न.

भाऊबीजेला मी धायरीच्या बसमध्ये बसलो होतो. वडगावला उतरलो आणि उलट बाजूच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. कंडक्टर तोच भेटला. "साहेब, घर विसरला का?" म्हणाला.

तुझं पत्र या वेळी दोन्ही बाजूंनी वाचलं. मग सगळी जुनी पत्रंही काढून दोन्ही बाजूंनी वाचली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. शिक्क्याची तपासणी निगेटिव्ह आली. घरी येऊन मी तुला चार ओळींचं एक टोचून पत्र लिहिलं होतं, ते पोस्टात टाकलं नाही. कारण दुसरी तपासणी बाहेर पाठवावी लागते, तिचा कागद आठवड्याने आला. अँटी-कोअर पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा विषाणू माझ्या अंगात येऊन गेला आहे. केव्हा आला आणि केव्हा गेला ते मला कळलंही नाही. बहुधा लहानपणी, बहुधा घरातच. माझ्या शरीराने त्याला घालवला, तुझ्या शरीराला जमलं नाही. मी विचारलं, यात माझं काही कर्तृत्व? ते म्हणाले, "काही नाही. नशीब."

कावीळ न होताच जग पिवळं दिसतं असं तू लिहिलं होतंस. दुरुस्ती करून घे. झाली होती.

उत्तरेश्वरकडे जाऊन पिंजरा परत मागितला. खरं का दिला होता तेही सांगितलं. तो म्हणाला, "आता अंडी घातल्यात साहेब, हलवू नगा." त्याच्या बायकोने चहा दिला. मी घेतला. कप धुऊन ठेवायला निघालो तर म्हणाली, "राहू द्या, आम्हाला कसला विटाळ."

आमोदला पत्र वाचायला दिलं. तो बराच वेळ खोलीत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, मी तिला भेटून येतो. गेला, आणि तासाभरात परत आला. तिने दारातच सांगितलं म्हणे, वेळ दिला होता तो संपलेला नाही, वापर.

ताई, ते सातारचं मी पुन्हा काढणार नाही. आजवर काढलं त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

बापूरावांना लिहायला बसतो आणि मायना लिहून उठतो. रोगाबद्दल लिहायचं तर तुझंही नाव येईल. ते मी कसं लिहू?

माधव


धायरी
२१ नोव्हेंबर २०१०

चि. माधव,

माझं नाव लिही. एकोणतीस वर्षं लपवलं, तेवढं पुष्कळ झालं.

बदक, बगळा, फिंच यातलं काही घालू नकोस. ते उत्कर्षाने सांगून झालं आहे, बापूरावांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांचा विश्वास पुण्याच्या शिकलेल्या माणसाच्या सहीवर आहे. ती कर. "गैरसमज झाला असल्यास क्षमस्व" असलं कचेरीतलं वाक्य वापरलंस तर मी स्वतः हिंगणघाटला जाईन.

पोस्टात टाकण्याआधी मला दाखवू नकोस. माझ्या धाकाने लिहिलं असं व्हायला नको. नंतर प्रत पाठव.

आणि येताना डबा आण, चकल्या ठेवल्या आहेत. मऊ पडल्या असतील.

कुसुम


शनिवार पेठ, पुणे
२४ नोव्हेंबर २०१०

श्री. बापूराव देवतळे यांस,

सा. न. वि. वि.

मी आपणांस सप्टेंबरात एक पत्र लिहिलं होतं. त्यात आपल्या मुलीच्या वागण्याविषयी एक वाक्य होतं. ते वाक्य खोटं आहे. ते मी चौकशी न करता, रिपोर्टवरचा एक जुना शब्द चुकीचा वाचून, माझ्या मनाने लिहिलं. मी ते परत घेतो. ते पत्र आपण जपून ठेवलं असेल तर हे त्याच्यावर टाचून ठेवावं, म्हणजे ते पुन्हा कोणी एकटं वाचणार नाही.

आपली पत्नी ज्या आजाराने गेली, बहुधा त्याच आजाराने माझी आई गेली. आपल्या मुलीला तो जन्मतःच मिळाला असावा असं डॉक्टर म्हणतात. माझी थोरली बहीण कुसुम, जिने साखरपुड्याला आपल्या हातावर पेढा ठेवला, तिच्या रक्तात तो निदान एकोणतीस वर्षं आहे. तिच्यासारखी सरळ बाई मी पाहिलेली नाही. माझ्याही रक्तात तो येऊन गेल्याची खूण सापडली आहे. रिपोर्टची प्रत सोबत आहे, आपण कोणालाही दाखवू शकता.

लग्नाविषयी मी काही मागत नाही. तो अधिकार आमचा राहिलेला नाही. विनंती एकच आहे. उत्कर्षाने आपल्याला खरं सांगितलं होतं. तिला आपण स्वतः फोन करावा.

आपण विचाराल, की मग आजार ऑस्ट्रेलियाचा असं मी का लिहिलं. मी पाटबंधारे खात्यात होतो, जग पाहिलेलं नाही. खडकवासल्याच्या धरणापलीकडे माझी कधी बदलीही झाली नाही. माझ्याकडे पासपोर्ट नाही.

आपला,
माधव